चूक कंपनीची आणि दंड आपल्या पासबुकाला!



कुणाची म्हैस आणि कुणाला ऊठबस, अशी एक म्हण आपल्याकडे पूर्वापार चालत आली आहे. आज ही म्हण आपल्या पासबुकाच्या पानापानावर छापून येते, फक्त ती इंग्रजी आद्याक्षरांत येते म्हणून आपल्या लक्षात येत नाही. 'ईसीएस रिटर्न', 'नॅच रिटर्न', 'आरटीएन चार्ज' असे काहीतरी लिहिलेले असते आणि पुढे आकडा असतो ५९० रुपयांचा. घरातला कर्ता पुरुष म्हणतो, बँकेचे काहीतरी असेल. घरची बाई म्हणते, अहो, महिन्याचे दूध आहे हे! तेवढ्यावर विषय संपतो. तो तिथे संपू नये म्हणून हा लेखप्रपंच.

आपल्या समाजातली अनेक मुले नंदेसरीच्या जीआयडीसीत कामाला आहेत. कुणी केमिकल कंपनीत शिफ्टला, कुणी ठेकेदाराकडे, कुणी प्रयोगशाळेत, कुणी लेखा विभागात. दुचाकी हप्त्यावर, मोबाईल हप्त्यावर, विम्याचा हप्ता वेगळा, घराचा वेगळा. हे सगळे हप्ते आता कुणी हाताने भरत नाही. एका कागदावर किंवा मोबाईलवर एकदा संमती दिली की कंपनी दरमहा थेट आपल्या खात्यात हात घालते आणि रक्कम काढून घेते. पूर्वी या व्यवस्थेला ईसीएस म्हणत. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने २०१२ च्या अखेरीस आणलेल्या नॅचने पुढे तिची जागा घेतली. सोय आहे, नाकारायचे कारण नाही. रांग नाही, खेप नाही, तारीख चुकण्याची धास्ती नाही.

पण कंपनीच्या कॉम्प्युटरने चूक केली तर? एकच हप्ता दोनदा मागितला तर? कर्ज फिटल्यावरही मागणी चालूच ठेवली तर? रक्कम चुकीची पाठवली तर? तेव्हा ही सोय कुणाची आणि गैरसोय कुणाची, ते आधी हिशेबाने पाहू.

पाचव्या तारखेचा हिशेब

समजा, नंदेसरीतल्या एका कामगाराचा पगार सतरा हजार आहे. १९३६ च्या वेतन कायद्याने हजाराच्या आत कामगार असलेल्या कारखान्यांना पगारासाठी ७ तारखेपर्यंत मुदत दिली होती आणि नव्या वेतन संहितेतही मासिक पगाराची मुदत ७ तारखेचीच आहे. हप्त्याची तारीख मात्र बहुधा ५! म्हणजे ज्या दोन दिवसांत कामगाराच्या खात्याने तळ गाठलेला असतो, नेमका त्याच दिवसांत खात्यात हात घातला जातो.

आता त्याच्या खात्यात ४ तारखेला ४,१०० रुपये आहेत. दुचाकीचा हप्ता ३,२०० चा. त्याने गणित करूनच पैसे ठेवले आहेत. ५ तारखेला हप्ता गेला, ९०० उरले. इथपर्यंत ठीक. पण त्याच दिवशी कंपनीने चुकून तोच हप्ता पुन्हा मागितला. खात्यात पैसे नाहीत, म्हणून मागणी परत गेली. बँकेने ५०० रुपये दंड आणि त्यावर अठरा टक्के कर, असे ५९० कापले. उरले ३१०. सहा तारखेला विम्याचा हप्ता २,४०० चा. समजा, दंड भरावा लागला नसता तरी नऊशे अधिक उसनवारी करून त्याने पंधराशे त्याच सकाळी भरले असते आणि हप्ता निभावला असता. भरले, तरी आता पुरे पडत नाहीत. तोही परत गेला. पुन्हा ५९०. इकडे फायनान्स कंपनीच्या दप्तरी नोंद झाली की गिऱ्हाईकाचा हप्ता 'बाउन्स' झाला. तिने आपलाही दंड लावला, ५९०. पगार झाल्यावर कंपनीने तो चुकीचा हप्ता तिसऱ्यांदा मागितला आणि या वेळी तो गेला.

कामगाराने फोन केले, खेपा घातल्या. महिन्याभराने कंपनी म्हणाली, चूक झाली, क्षमस्व, तुमचे ३,२०० परत केले. छान! आणि तीन वेळचे ५९०, म्हणजे १,७७० रुपये? त्याची अडीच दिवसांहून जास्त मजुरी? कंपनी म्हणते, तो दंड बँकेने घेतला, आमच्याकडे आला नाही. बँक म्हणते, आम्ही नियमाने घेतला, चूक कंपनीची. दोघांचे म्हणणे खरे आणि खिसा मात्र तिसऱ्याचा रिकामा! याला तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणायचे नाही तर काय म्हणायचे?

आधी पैसे, मग वाद

कुणी म्हणेल, चुका काय आजच्या आहेत? पूर्वीही बिले चुकत होती. बरोबर आहे. पण पूर्वी बिल कागदावर घरी येत असे. आकडा पाहून माणूस हसत असे, बिल घेऊन कचेरीत जात असे, आकडा दुरुस्त करून घेत असे आणि मगच पैसे भरत असे. आधी वाद, मग पैसे.

आपल्याच बडोद्यातले उदाहरण घ्या. मे २०२४ मध्ये स्मार्ट मीटरवरून शहरात केवढा गदारोळ झाला, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. त्याच दिवसांत शहरातल्या एका साध्या घरगुती ग्राहकाला ९ लाख २४ हजारांचे वीजबिल आले. गावभर चर्चा झाली आणि वीज कंपनीला चूक मान्य करावी लागली. त्या माणसाचे नशीब एवढेच की आकडा त्याला आधी दिसला आणि पैसे खिशातच होते. दोन हजारांच्या जागी नऊ लाख आले तर शेंबड्या पोरालाही चूक कळते. पण दोन हजारांच्या जागी चार हजार आले आणि ते थेट खात्यातून गेले तर? यंत्र हसत नाही आणि यंत्राला शंकाही येत नाही.

थेट वजावटीने क्रमच उलटा केला आहे. आता आधी पैसे, मग वाद. वाद घालताना पैसा कंपनीकडे असतो आणि पुरावा गोळा करण्याचे काम आपल्याकडे असते. आमचे म्हणणे साधे आहे. क्रम उलटा केलात, तर जबाबदारीही उलटी करा! गिऱ्हाईकाच्या खात्यात न विचारता हात घालण्याचा अधिकार ज्याला मिळाला, त्याने त्या हाताने केलेले सगळे नुकसान न मागता भरून दिले पाहिजे. चुकीची रक्कम परत करणे म्हणजे उपकार नव्हे. ते अर्धेच काम झाले.

कायदा काय म्हणतो?

हे आमच्या पदरचे नाही. १८७२ चा करार कायदा आजही चालू आहे. त्याचे ७२ वे कलम सांगते की चुकीने मिळालेला पैसा परत केलाच पाहिजे. ७३ वे कलम सांगते की करार मोडल्यामुळे स्वाभाविकपणे जे नुकसान होते, त्याची भरपाई करार मोडणाऱ्याने द्यायची. ३,२०० रुपये ७२ व्या कलमातले आणि १,७७० रुपये ७३ व्या कलमातले. कंपन्या पहिले पाळल्यासारखे दाखवतात आणि दुसऱ्याचे नाव काढत नाहीत.

"दंड आमच्याकडे आला नाही" हा तर नुसता बहाणा आहे. नंदेसरीच्या रस्त्यावर एखाद्या टँकरने तुमच्या घराची भिंत पाडली, तर भिंत बांधणाऱ्या गवंड्याची मजुरी टँकरवाल्याच्या खिशात जाते काय? जात नाही. तरी भरायची त्यानेच. इथेही तोच न्याय.

कंपनीने स्वतः लावलेल्या दंडाला तर काही आधारच उरत नाही. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये कर्जावरच्या दंडाबाबत परिपत्रक काढले. दंड हा कर्जदाराला शिस्त लागावी म्हणून आहे, उत्पन्न वाढवण्याचे साधन म्हणून नाही आणि तो अट मोडल्याच्या प्रमाणात वाजवी असावा, असे त्यात म्हटले आहे. जिथे कर्जदाराने अट मोडलीच नाही, तिथे दंड कसला?

आणि करावरचे हे पाहा. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या परिपत्रकाने स्पष्ट केले की चेक परत गेल्याबद्दलचा दंड ही काही सेवेची किंमत नव्हे, म्हणून त्यावर जीएसटी लागत नाही. तरी हप्ता परत गेल्याच्या दंडापुढे कित्येक दरपत्रकांत 'अधिक जीएसटी' छापलेले असते. चेकला एक न्याय आणि हप्त्याला दुसरा का? हा प्रश्न आपल्या बँकेला लेखी विचारा. उत्तरही लेखी मागा.

वसुलीवाले आणखी एक भीती घालतात. २००७ च्या पेमेंट आणि सेटलमेंट कायद्याच्या २५ व्या कलमाने हप्ता परत गेला तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, असे ते फोनवर सांगतात. कलम आहे, खोटे नाही. पण ते देणे असलेल्या रकमेसाठी आहे. आधी लेखी नोटीस आणि नोटिशीनंतर पैसे भरायला पंधरा दिवस, हे त्याच कलमात आहे. जो हप्ता आपण देणेच लागत नाही, तो परत गेला म्हणून कुणी तुरुंगात जात नाही. तेव्हा घाबरून दुसऱ्यांदा पैसे भरू नका.

साहेबांच्या देशात काय आहे?

आपल्यापैकी अनेकांची मुले आज लंडनला, जर्मनीला आहेत. त्यांना विचारून पाहा. ब्रिटनमध्ये थेट वजावटीला एक हमीपत्र जोडलेले असते. वजावटीत चूक झाली, मग ती कंपनीची असो वा बँकेची, तर गिऱ्हाईकाने आपल्या बँकेत सांगायचे आणि बँकेने ती पूर्ण रक्कम ताबडतोब परत द्यायची. कंपनीशी भांडायचे काम बँकेचे. युरोपात तर सर्वसाधारण वजावटीची रक्कम आठ आठवड्यांच्या आत कारण न सांगताही परत मागता येते आणि परवानगी नसताना पैसे काढले असतील तर तेरा महिन्यांपर्यंत.

आपल्याकडे काहीच नाही असे नाही. सप्टेंबर २०१९ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार, आपण बँकेत संमती रद्द करून दिली असेल आणि तरीही पैसे कापले गेले, तर जबाबदारी आपल्या बँकेची. दुसऱ्या दिवसापर्यंत तिने ते निस्तरायचे, नाहीतर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. पण ते संमती रद्द केल्यानंतरच्या वजावटीला. संमती चालू असताना कंपनीने चुकीची मागणी केली आणि त्यापायी दंड बसला, तर ब्रिटनसारखी सरळ हमी नाही. कार्डावरच्या आपोआप वजावटीला २०२१ पासून चोवीस तास आधी सूचना देण्याची सक्ती झाली. ती चौकट बँक खात्यावरच्या नॅचसाठी केली नव्हती. उलट १ ऑगस्ट २०२१ पासून नॅच रविवारी आणि सुटीच्या दिवशीही चालू झाले. म्हणजे पैसे कापायला रविवार चालतो. तक्रार घ्यायला मात्र सोमवार उजाडावा लागतो!

४,४०० रुपये आणि पंधरा वर्षे

दिल्लीतली एक हकीकत सर्वांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. एका महिलेने २००८ साली गाडीसाठी कर्ज घेतले. हप्ते तिच्या स्टेट बँकेतल्या खात्यातून ईसीएसने जायचे. खात्यात पैसे असूनही अकरा हप्ते परत गेले आणि प्रत्येक वेळी ४०० रुपये दंड कापला गेला. एकूण ४,४०० रुपये. बँकेने संमतीपत्रातच दोष असल्याचे सांगितले. मग त्याच संमतीपत्रावर बाकीचे हप्ते कसे गेले, या साध्या प्रश्नापुढे तो बचाव टिकला नाही. २०१० मध्ये तिने ग्राहक मंचात तक्रार केली होती. दिल्ली राज्य ग्राहक आयोगाचा निकाल आला ऑक्टोबर २०२५ मध्ये. मनस्तापाबद्दल दीड लाख आणि खटल्याच्या खर्चाचे वीस हजार तिला द्यावेत, असा.

त्या माउलीच्या चिकाटीला नमस्कार. पण यातून दोन गोष्टी शिकायच्या. एक, न्याय मिळतो. दुसरी, तो एकट्याने मिळवायचा तर पंधरा वर्षे लागू शकतात. आपल्यातला कोण पंधरा वर्षे टिकेल? पाचशे रुपयांसाठी कोण भांडणार, हे आपले वाक्य कंपन्यांना आपल्यापेक्षा चांगले पाठ आहे. थेंबे थेंबे तळे साचते ते त्यांच्या अंगणात. जुलै २०२४ मध्ये लोकसभेत दिलेल्या उत्तरानुसार, सरकारी बँकांनी नुसत्या किमान शिलकीच्या दंडापोटी पाच वर्षांत जवळपास ८,५०० कोटी रुपये गोळा केले. हे थेंब गरिबांच्याच खात्यांतले. कारण श्रीमंताची शिलक किमान पातळीच्या खाली जातेच कुठे?

मात्र ओरड केली की फरक पडतो, हेही खरे. त्या आकड्यावर देशभर बोलले गेले आणि २०२५ मध्ये बँक ऑफ बडोदासह काही सरकारी बँकांनी साध्या बचत खात्यांवरचा हा दंड काढून टाकला. जे किमान शिलकीच्या बाबतीत झाले, ते परत गेलेल्या हप्त्याच्या बाबतीत का होऊ नये?

बडोदेकरांनी तरी गप्प बसू नये

बडोद्याच्या मराठी माणसाला पैशाच्या व्यवहाराची अक्कल कुणी शिकवायला नको. १८८९ साली याच शहरात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर आणि त्यांच्या सोबत्यांनी अन्योन्य सहकारी मंडळी उभी केली. देशातल्या सहकाराच्या इतिहासात तिचे नाव पहिल्या पानावर आहे. पुढे ती बँक टिकली नाही, हे दुःख आपल्यातल्या कित्येक घरांनी सोसले आहे. पण तिच्या नावातच तत्त्व होते. अन्योन्य, म्हणजे एकमेकांचे. २० जुलै १९०८ रोजी श्रीमंत सयाजीराव महाराजांनी बँक ऑफ बडोदा काढली, तीही प्रजेचा पैसा प्रजेच्या कामी यावा म्हणून. अशा गावात राहून आपण "जाऊ दे हो" म्हणत बसायचे?

म्हणून प्रत्येक घराने आजपासून एवढे करावे.

१. दर महिन्याच्या दहा तारखेनंतर पासबुक भरून आणावे किंवा मोबाईलवर खाते पाहावे. न कळणाऱ्या प्रत्येक वजावटीला पेन्सिलीने खूण करावी.

२. हप्त्याच्या संमतीपत्राची प्रत मागून घ्यावी. त्यावर कमाल रक्कम, शेवटची तारीख आणि नोंदणी क्रमांक असतो. हप्ता तीन हजारांचा आणि कमाल रक्कम दहा हजार, असे असेल तर सही करण्यापूर्वी विचारावे. हप्त्याची तारीख १० नंतरची मागावी.

३. चूक झाली तर कंपनीला लेखी पत्र द्यावे आणि प्रत बँकेला. पत्रात चार मागण्या वेगवेगळ्या लिहाव्यात. चुकीची रक्कम, बँकेचा दंड करासह, कंपनीचा स्वतःचा दंड आणि पतनोंदीची दुरुस्ती. "सर्व रक्कम परत करा" असे मोघम लिहिले की ते हप्ता तेवढा परत करून प्रकरण बंद करतात. पतनोंदीची दुरुस्ती तीस दिवसांत झाली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये केला आहे, त्याचा उल्लेख करावा.

४. बँक किंवा फायनान्स कंपनीने तीस दिवसांत समाधान केले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे, उशीर करू नये. चौकशीचा फोन १४४४८. विमा कंपनीची चूक असेल तर विमा लोकपाल. इतर कुणाचीही असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

५. ज्यांना लिहिता येते त्यांनी ज्यांना येत नाही त्यांची पत्रे लिहून द्यावीत. निवृत्त बँक कर्मचारी आपल्या समाजात घरटी नसले तरी गल्लीगणिक आहेत. महिन्यातला एक रविवार मंडळाच्या जागेत पासबुक तपासणीला द्यावा, ही आमची कार्यकारिणीला सूचना आहे.

आणि सरकारकडे मागणी एवढीच. चुकीच्या मागणीमुळे बसलेला प्रत्येक दंड, मग तो बँकेचा असो वा कंपनीचा, चूक करणाऱ्याने अर्ज न मागता सात दिवसांत परत करावा. बँक खात्यावरच्या प्रत्येक वजावटीआधी चोवीस तास सूचना मिळावी. आणि पगाराच्या कायदेशीर तारखेआधी हप्ता मागण्याची सक्ती बंद व्हावी. खासदार असोत, आमदार असोत की नगरसेवक, मते मागायला दारात येतीलच. त्यांना चहा जरूर द्या. पण चहाबरोबर पासबुकही समोर ठेवा आणि विचारा, साहेब, या ५९० रुपयांचे काय?

एकट्याचा आवाज फोनवरच्या मुलीपर्यंत पोचतो. शंभर घरांची पत्रे एका आठवड्यात पोचली, तर ती मोठ्या साहेबाच्या टेबलावर जातात. आपले १,७७० रुपये कुणाकडे दान म्हणून मागायचे नाहीत. ते आपल्या घामाचे आहेत आणि हक्काने, पावतीसह, परत घ्यायचे आहेत.